पेंटर त्या खोलीत नव्हता

२ मार्च, रविवार

आज पुरवणीत माझं कोडं आलं. चार शेजारी, चार धंदे, कोण काय करतं ते ओळखा. त्यात ‘न्हावी’चा ‘न्हवी’ झालाय. आठवडाभर साऱ्या पेपरातल्या चुका मी काढायच्या आणि माझ्याच कोड्यात ही गत.

दुपारी दादा-वहिनी आले. दादानं चष्मा कपाळावर चढवून कोडं मोठ्यानं वाचलं. “डॉक्टर शिक्षकाच्या शेजारी राहत नाही. ज्याच्याकडे सायकल आहे तो न्हावी नाही.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “मास्तरीण, तुझी ही माणसं एकमेकांकडे चहाला जात नाहीत का गं? सदानकदा आपापल्या घरात बसलेली. सरळ जाऊन विचारावं, बाबा रे, तू काय करतोस? मिटलं.”

मी म्हटलं, “मग कोडं कशाचं?”

“तेच म्हणतो मी,” दादा म्हणाला आणि आईच्या ताटलीतला लाडू उचलला. आईनं हातावर चापट मारली. बावन्न वर्षांचा घोडा, आईच्या हातचा मार खाऊन खूष.

४ मार्च, मंगळवार

बाजारातल्या इमारतीला आग लागली. दादाचं दुकान तिथंच, तिसऱ्या मजल्यावर. फोन लागत नाही. वहिनी तिकडे गेली आहे. आईला अजून सांगितलेलं नाही. मी निघते.

५ मार्च, बुधवार

लिहिलं की डोकं जरा जागेवर येतं, म्हणून लिहिते.

खालच्या दोन मजल्यांवरची माणसं बाहेर पडली. जखमी मोठ्या हॉस्पिटलात आहेत. एकेका खाटेपाशी जाऊन पाहिलं, दादा नाही. तिसऱ्या मजल्यावर चौघांचीच दुकानं होती. घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा, पुस्तकांची बांधणी करणारा बाइंडर, टेलर आणि बोर्ड रंगवणारा आमचा दादा. सगळा बाजार त्याला ‘पेंटर’ म्हणूनच ओळखतो. जिना आधी पेटला, त्यामुळे वरच्यांना उतरता आलं नाही.

चौकीतले साहेब म्हणाले, “तिसऱ्या मजल्यावरून तिघं काढलेत. ओळखण्यासारखं काही राहिलेलं नाही, बाई. घरच्यांनी मन घट्ट करा.”

वहिनी भिंतीला टेकून खाली बसली. मी मात्र एकाच शब्दापाशी अडकले होते. तिघं. वर चौघं होते आणि मिळाले तिघं.

७ मार्च, शुक्रवार

शवागाराबाहेरच्या बाकांवर चारही घरची माणसं बसून असतात. घड्याळवाल्या आजोबांची ओळख आज पटली, सोन्याच्या दातावरून. बाइंडरच्या मांडीत जुन्या अपघातातली सळई होती, त्यावरून तोही कळला. त्याची मुलगी रडली नाही, फक्त “बरं” म्हणाली आणि सही कुठे करायची ते विचारलं.

उरला तिसरा. मध्यम बांधा, मध्यम उंची. दादा तसाच, टेलरही तसाच. हा सापडला टेलरच्या खोलीत, खिडकीखाली, मशीनला लागून. अंगाखाली मोठी कात्री होती.

टेलरची बायको माझ्याच बाकावर बसते. काकू म्हणते मी त्यांना. पिशवीत पाण्याची बाटली आणि नवऱ्याचा चष्मा घेऊन फिरतात. म्हणाल्या, “घरीच विसरून गेले होते त्या दिवशी. सापडले की आधी चष्मा मागतील.”

साहेबांनी सांगितलं की रक्ताची तपासणी करता येईल, पण अहवालाला महिना-दीड महिना लागेल. घरच्यांनी ओळख पटल्याचं लिहून दिलं तर मात्र लगेच ताब्यात देतील.

९ मार्च, रविवार

आज पुरवणीत माझं कोडं नाही. संपादकांनी आपणहून सुट्टी दिली. पण हाताला सवय. कागदावर चौकटी आखल्याच. आडव्या ओळीत चार धंदे, उभ्या ओळीत तिघं सापडलेले आणि एक न सापडलेला. जे शक्य नाही तिथं फुली. फुल्या पुरेशा झाल्या की खरं काय ते आपोआप उघडं पडतं. इतकी वर्षं लोकांना हेच शिकवत आले.

पहिला घड्याळवाला. दुसरा बाइंडर. तिसरा टेलरच्या खोलीत, टेलरच्या मशीनपाशी, टेलरच्या कात्रीवर. मग न सापडलेला कोण?

शिवाय दादाच्या खोलीच्या राखेत त्याची शिडी मिळाली नाही. शिडी नाही म्हणजे तो बोर्ड लावायला बाहेर गेला होता.

मग घरी का आला नाही, हा प्रश्न उरत होता. तोही आज सुटला. साहेब म्हणाले की आग बहुधा पेंटरच्या थिनरनं लागली असावी. दादा घाबरला असणार. लहानपणी फुलदाणी फोडली तेव्हा संध्याकाळपर्यंत माळ्यावर लपून बसला होता. आताही कुठेतरी तोंड लपवून बसलाय.

आईला सगळा कागद समजावून सांगितला. तिनं मंगळवारपासून धड अन्न घेतलं नव्हतं. आज वाटीभर भात खाल्ला. “मूर्ख आहे मेला,” म्हणाली, “आला की बघते त्याच्याकडे.”

आगीपासून आमच्याकडेच राहिलेली वहिनी स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. तिलाही दाखवायला गेले. तिनं कागदाकडे पाहिलंच नाही. म्हणाली, “वन्सं, दुपारच्या चहाला हे टेलरकडेच असायचे. रोज.”

“रोज असतो म्हणून त्या दिवशीही होता, असं कुठं ठरतं?”

“आणि शिडी लाकडाची होती.”

मी म्हटलं, “बिजागऱ्या तर लोखंडाच्या होत्या ना?” ती चिरत राहिली. दुःखात माणसाला विचार सुचत नाही, हेच खरं. तिच्या वाटचा विचार मलाच करायला हवा.

१२ मार्च, बुधवार

पेपरात दादाची जाहिरात दिली. ‘हरवले आहेत. व्यवसाय पेंटर, वय बावन्न. घरी कोणी रागावलेलं नाही.’ शेवटचं वाक्य आईनं घालायला लावलं. खाली माझा नंबर आहे.

काकू ऑफिसात आल्या. पायांवर धूळ, ओठ सुकलेले. रोज एकेक हॉस्पिटल पालथं घालताहेत. म्हणाल्या, “ताई, तुमच्याच पेपरात आमच्या ह्यांचंही छापाल का? आणि पुलापलीकडच्या गावातली दोन हॉस्पिटलं राहिलीत. उद्या जाते. सोबत येता का? मला एकटीला तिथलं काही कळत नाही.”

मला त्यांची दया आली. अशी वणवण किती दिवस करणार? मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि कागद समोर ठेवला. सावकाश, एकेक चौकट बोटानं दाखवत सांगितलं.

त्या हुशार आहेत. शेवटच्या ओळीला येण्याआधीच म्हणाल्या, “म्हणजे तुमचे दादा जिवंत असले, तर माझे हे नाहीत.”

“हो.”

“आणि माझे हे असले तर?”

मी म्हटलं, “तसं होत नाही, काकू. तो माणूस मशीनपाशी सापडला. पेंटर त्या खोलीत नव्हता.”

त्या बराच वेळ कागद बघत होत्या. मग विचारलं, “तुमची कोडी कधी चुकतात का?”

“छापताना अक्षरं चुकतात. उत्तर आजवर चुकलेलं नाही.” हे खरंच आहे, मी काही फुशारकी मारली नाही.

चहा तसाच ठेवून त्या उठल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, “मग ती दोन हॉस्पिटलं राहू देत.”

१४ मार्च, शुक्रवार

काकूंनी लिहून दिलं आणि देह ताब्यात घेतला. आज निरोप दिला. आम्ही दोघी, वहिनी आणि मी, गेलो होतो. शेजारचे चारपाच लोक, काकूंची लेक आणि जावई. जावयानं सगळं नीट केलं.

वहिनीचं मला नवल वाटलं. टेलरशी हिची ओळख काय, तर दादाचा डबा द्यायला गेली की दोन शब्द बोलायची, एवढीच. पण ही सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली. एका बाजूनं चादर वर आली होती, ती दोन्ही हातांनी सारखी केली आणि हात तिथंच ठेवला. कुणीतरी हळूच बाजूला घेतलं तेव्हा निघाली. काकूंना धीर देत होती बिचारी. तिचं मन मोठं आहे. मला नाही जमत असलं.

१९ मार्च, बुधवार

काही नाही. जाहिरातीवर तीन फोन आले. एकाला घर रंगवून हवं होतं. एकानं विचारलं, कोडं परत कधी? तिसरा बोललाच नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. मी “दादा? दादा?” करत राहिले. फोन बंद झाला. आई म्हणते तोच होता. मलाही वाटतंय.

२१ मार्च, शुक्रवार

काकू निरोप घ्यायला आल्या. लेकीकडे चालल्या कायमच्या, बसनं एक अख्खा दिवस लागतो तिथं जायला. त्यांच्यात बराच फरक पडलाय. केस नीट विंचरलेले, आवाज शांत. म्हणाल्या, “त्या फिरण्यातून तुम्ही सोडवलंत, ताई. नाहीतर मी अजून दारोदार हिंडत असते.”

मला बरं वाटलं. ह्या सगळ्या दिवसांत निदान एका माणसाच्या उपयोगी पडले.

वहिनी आतून बाहेर आली आणि काकूंच्या गळ्यात पडून इतकी रडली की काकूच तिला थोपटत बसल्या. “तुमचे येतील हो,” त्या म्हणत होत्या. “ताई म्हणतात ना, येतील.”

२५ मार्च, मंगळवार

काल चौकीवरून निरोप आला. आग थिनरनं नाही लागली. तळमजल्याच्या वायरिंगमधून सुरू झाली, तसं तपासणीत निघालंय. दादाच्या डोक्यावरचं बालंट गेलं.

आईला आनंद झाला. मला व्हायला हवा होता, पण झाला नाही. दादावर ठपका नाही, आणि हे आजच्या सगळ्या पेपरांत आलंय. मग तो लपलाय कशाला?

सकाळपासून कागद घेऊन बसले आहे. कदाचित त्याला मार लागून स्मृती गेली असेल. असं होतं. कदाचित तो लांब गेलाय आणि तिथं पेपर जात नाही. मी लिहितेय आणि मलाच कळतंय की हे भोकांना ठिगळं लावणं चाललंय. कोडं घालणाऱ्याला आधीपासून ठाऊक असतं की दिलेली माहिती पुरेशी आहे आणि खरी आहे. ही माहिती मला कोणी दिली? ‘शिडी नव्हती म्हणजे तो बाहेर होता’ हे कोणी सांगितलं? मीच. ‘मशीनपाशी होता म्हणजे टेलर’ हे? तेही मीच.

नाही. असं लिहायचं नाही. आई शेजारच्या खोलीत आहे.

२९ मार्च, शनिवार

दादा सापडला!

 सकाळी फोन आला, पुलापलीकडच्या हॉस्पिटलातून. तिथल्या एका सिस्टरनं पाव गुंडाळून आलेल्या कागदावर आमची जाहिरात वाचली. म्हणाली, “आमच्याकडे एक माणूस आहे. महिना होत आला. कुणी ट्रकवाला दारात ठेवून गेला, रस्त्याकडेला मिळाला म्हणाला, चौकशा मागे लागतील म्हणून थांबलाही नाही. भाजलंय, कंबर मोडलीय, डोक्याला मार आहे. बरेच दिवस शुद्ध नव्हती. आता ‘पेंटर, पेंटर’ एवढंच म्हणतो. आम्ही केसपेपरवर पेंटर म्हणूनच लिहिलंय.”

मी ओरडलेच. आई कपाट उघडून दादाचे धुतलेले कपडे काढायला लागली, मध्येच हसत होती, मध्येच त्याला शिव्या घालत होती. पेंटर जिवंत, म्हणजे माझा कागद बरोबर. एकेक चौकट बरोबर.

वहिनीला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मग तिनं विचारलं, “सिस्टरला विचारलंत का, तो मीच पेंटर असं म्हणतो, की नुसतं पेंटर म्हणतो?”

मी म्हटलं, “वहिनी, आता तरी!”

चप्पल मात्र माझ्या आधी तिनंच घातली. दुपारची बस मिळते.

३० मार्च, रविवार

टेलर आहेत.

काल लिहिता आलं नाही. वॉर्डच्या टोकाची खाट. अर्धा चेहरा पट्ट्यांत. मी दारातून “दादा” म्हणून हाक मारली आणि जवळजवळ धावतच गेले. त्या माणसानं मान वळवली. उघड्या राहिलेल्या त्या एका डोळ्यानं माझ्या मागे असलेल्या वहिनीला बघितलं, आणि डोळा भरून आला.

“वहिनी,” ते म्हणाले. आवाज फाटलेला, एकेक शब्द ओढून आणल्यासारखा. “पेंटरनं ढकललं मला. खिडकीतून. मी नको म्हणत होतो. म्हणाला, तुम्ही आधी, तुमचे पाय दुखतात.”

चहाला बसले होते दोघं. दार उघडलं तर जिन्यातून जाळ वर आला. खिडकी अरुंद, त्यातून एका वेळी एकच. मागच्या बाजूला बोळ आहे, तिकडे पडले आणि सरपटत मागच्या रस्त्यापर्यंत गेले, म्हणून पुढच्या गर्दीला कळलं नाही. हे सगळं सलग नाही सांगितलं त्यांनी. मी आता जुळवून लिहितेय. पुन्हा जुळवतेच आहे.

मग त्यांनी विचारलं, “आला ना तो खाली? माझ्या मागोमाग?”

 वहिनी खाटेच्या कडेला बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, “आले ना. घरी आहेत. पायाला लागलंय, म्हणून तुम्हाला भेटायला आले नाहीत.”

त्यांनी डोळा मिटला. चेहऱ्याचा जेवढा भाग दिसत होता तेवढा सैल झाला.

मी बाहेर येऊन काकूंना फोन लावला. म्हटलं, “काकू, ते जिवंत आहेत.”

“कोण, तुमचे दादा? बघा, मी म्हटलं नव्हतं?”

“नाही काकू. टेलर.”

 त्या अगदी हळू म्हणाल्या, “ताई, त्यांना तर आपण...” आणि थांबल्या.

डॉक्टर म्हणतात जखमांतून विष अंगभर पसरलंय. आधी कळलं असतं, घरचं कुणी असतं, मोठ्या हॉस्पिटलात हलवता आलं असतं, तर काय झालं असतं ते सांगता येत नाही, असं ते म्हणाले. सांगता येत नाही म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. वाचले असते, असाही त्याचा अर्थ होतो.

काकू बसमध्ये बसल्यात. आम्ही इथंच थांबलोय.

१ एप्रिल, मंगळवार

काल काकू पोहोचायच्या आत ते गेले. फार नाही, थोडक्यात चुकामूक झाली. वहिनी चहा आणायला गेली होती आणि मी एकटीच जवळ होते. काही बोलले नाहीत. श्वास लांबत गेला आणि पुढचा आलाच नाही. मी वाट बघत बसले होते, पुढच्याची.

काकू लेकीचा हात धरून आल्या. आत जाऊन आल्या, बऱ्याच वेळानं. मग बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसल्या आणि विचारलं, “शेवटी तुम्ही होतात ना? काही बोलले का?”

त्यांना काहीतरी द्यावं असं इतकं वाटलं मला. म्हटलं, “तुमचं नाव घेतलं.”

“माझं नाव?”

“हो.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. राग नव्हता नजरेत. राग असता तर बरं झालं असतं.

“सगळ्या संसारात त्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही, ताई,” त्या म्हणाल्या. “ऐकलंस का, एवढंच म्हणायचे.”

वहिनी पलीकडे उभी होती, चहाचे कप हातात घेऊन. काकू उठून तिच्याजवळ गेल्या. कप घेतले, खाली ठेवले. म्हणाल्या, “तुमच्या माणसाला मी नीट निरोप दिलाय हो. माझाच समजून दिला. काही कमी केलं नाही.”

“माहीत आहे,” वहिनी म्हणाली. “मी आले होते ना.”

मग दोघी तशाच उभ्या राहिल्या, एकमेकींचे दंड धरून. मला उठून जवळ जावंसं वाटत होतं, पण मी बाकावरच बसून राहिले. निरोपाच्या त्या दिवशी दादासाठी मी शेवटपर्यंत थांबलेही नव्हते. घरी त्याचा फोन येईल म्हणून अर्ध्यातून निघाले होते.

परत येताना बसमध्ये वहिनीला विचारलं, “तुला पहिल्यापासून ठाऊक होतं?”

ती खिडकीबाहेर बघत होती. “ठाऊक नव्हतं. पण मला माझा माणूस माहीत होता.”

“मग मला का अडवलं नाहीस?”

“आई जेवायला लागल्या होत्या, वन्सं,” ती म्हणाली. पुढचा थांबा गेल्यावर पुन्हा म्हणाली, “आणि मलाही वाटायचं कधीकधी, की तुमचंच खरं निघावं.”

घराच्या कोपऱ्यावर उतरलो. खिडकीत आई दिसत होती, दादाचा सदरा मांडीवर घेऊन बसलेली. मी म्हटलं, “मी सांगते आईला. चूक माझी आहे.”

वहिनीनं माझ्या हातातली पिशवी घेतली.

“नको,” ती म्हणाली. “मी सांगते. तुम्ही समजावून सांगाल.”